एक कोटीची इलेक्ट्रिक एसयूव्ही पन्नास लाखांत: घेऊ की पळू?

बावधनकर (शनिवार, रात्री ९:४०)

मंडळी, सल्ला हवाय. जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

सध्याची गाडी नऊ वर्षांची डिझेल, १ लाख ३४ हजार किमी झालेत. रोजचं बावधन ते खराडी जाऊन-येऊन ४५ किमी, आणि महिन्यातून एकदा आई-बाबांकडे कोल्हापूरला. नवीन गाडीसाठी २५ लाखांपर्यंत मनाची तयारी होती. तेवढ्यात एका ओळखीच्यांनी एक ऑडी ई-ट्रॉन ५५ दाखवली. डिसेंबर २०२१ची, एमएच १२ पासिंग, ३८ हजार किमी, एकच मालक. मागतायत ५२ लाख. जुलै २०२१ मध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा ५५ ची एक्स-शोरूम किंमतच १ कोटी १६ लाख होती! बसून पाहिली, चालवून पाहिली आणि तेव्हापासून झोप नाही. रस्त्यावर आवाजच नाही हो. चांदणी चौकाचा उड्डाणपूल कधी संपला ते कळलं नाही.

दिल्लीत हीच गाडी ४५-४६ ला दिसतेय. कर्ज काढावं लागेल, पण झेपेल.

प्रश्न: चार वर्षांत अर्ध्याहून जास्त किंमत का उतरली? बॅटरी गेली तर काय? आणि ही गाडी मी पुढे कोणाला विकणार?

सौ. चं मत: "इतकी स्वस्त आहे म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार."

निवांत_पाटील

पहिला! रुमाल टाकून ठेवतो. वहिनींशी सहमत.

डिझेलभक्त

५२ लाखांत फॉर्च्युनर घ्या, दहा वर्षं वापरा आणि निम्म्या किमतीला विका. विषय संपला.

हिंजवडी_सिग्नल

@डिझेलभक्त, आले का? इलेक्ट्रिकचा धागा निघाला की पंधरा मिनिटांत तुमची फॉर्च्युनर दारात उभी असते.

डिझेलभक्त

उभी असते, कारण ती चार्जिंगला लावलेली नसते. (दिवे घ्या.)

मिलीव्होल्ट

बॅटरी या विषयावर पोट चालतं म्हणून लिहितो.

बॅटरी "गेली" म्हणजे मोबाइलसारखी एका दिवशी फुगून बंद पडली, असं सहसा होत नाही. ई-ट्रॉन ५५ ची बॅटरी ९५ किलोवॅट-अवरची (म्हणजे विजेची ९५ युनिट), पण त्यातले साधारण ८६ च वापरायला दिलेत. बाकीचे राखीव. म्हणजे तुम्ही १०० टक्के चार्ज केलंत तरी सेल खऱ्या अर्थाने काठोकाठ भरत नाहीत, आणि शून्यावर आणलंत तरी तळ खरवडला जात नाही. अशी बॅटरी टिकते.

दुसरं, सातशे किलोचा एकच ठोकळा नाहीये तो. आत ३६ मोड्यूल आहेत आणि प्रत्येकात १२ सेल. एखादं मोड्यूल बिघडलं तर तेवढंच बदलता येतं. ते बदलायला प्रशिक्षित माणूस आणि तशी सोय असलेलं वर्कशॉप लागतं, कोपऱ्यावरच्या गॅरेजचं हे काम नाही.

बॅटरीची हमी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, जे आधी होईल ते. तुमची गाडी डिसेंबर २०२१ ची असेल तर २०२९ च्या अखेरीपर्यंत. म्हणजे तुम्ही ५२ लाखांत गाडी घेत नसून चार वर्षांची हमी घेताय आणि तिच्याबरोबर गाडी येतेय, असा हिशोब करा. हमी संपल्यावर तिची किंमत काय असेल, हा आकडा आजच मनात धरा. मी अगदी कमी धरेन.

कोथरूडची_काकू

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

आता माझा हिशोब. डिझेलवर रोज ४५ किमीला साधारण ३०० रुपये लागत असतील. विजेवर ११ युनिट, म्हणजे शंभर-सव्वाशे. दिवसाला दोनशे वाचले. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर वर्षाला साठ हजार. आणि त्यासाठी तुम्ही ठरलेल्या बजेटपेक्षा सत्तावीस लाख जास्त घालणार. बचतीसाठी घेतोय असं कोणाला सांगू नका, निदान घरी तरी.

बावधनकर

काकू, घरी अगदी हेच सांगितलं होतं. :(

आयात_निर्यात

किंमत का उतरली याचं उत्तर कोणीच देत नाहीये. खोट वगैरे काही नसते बहुतेक वेळा. ही गाडी पूर्ण बांधलेली बेल्जियमहून आली, ब्रसेल्सच्या कारखान्यातून. ४० हजार डॉलरच्या वरच्या अशा गाडीवर तेव्हा १०० टक्के सीमाशुल्क होतं. म्हणजे पहिल्या मालकाने दिलेल्या पैशातला मोठा वाटा गाडीचा नव्हताच, तो सरकारचा होता. तुम्ही चार वर्षांनी घेताना त्या शुल्काची किंमत कोण देणार? जुन्या मालकाची जी "घसरण" दिसतेय त्यातली निम्मी त्याने बंदरातच सोडली होती.

उरलेली घसरण मात्र खरी आहे, आणि ती जगभर झालीय. नवी मॉडेल्स जास्त रेंजची आली की जुनी फोनसारखी उतरतात. २०२३ मध्ये हिचंच पुढचं रूप क्यू८ ई-ट्रॉन ११४ किलोवॅट-अवरची बॅटरी घेऊन आलं. आता तर ब्रसेल्सचा कारखानाही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाला.

निवांत_पाटील

कारखानाच बंद? मग पार्ट कुठून आणायचे, जुन्या बाजारातून?

आयात_निर्यात

कारखाना बंद झाला म्हणजे पार्ट बंद झाले असं नाही, कंपन्या बरीच वर्षं पुरवतात. पण ते येणार बाहेरून, आणि गाडी अर्ध्या किमतीला मिळाली म्हणून बंपर अर्ध्या किमतीला मिळत नाही. हे लोक विसरतात. गाडी सेकंडहँड असते, तिची बिलं नेहमी फर्स्टहँड असतात.

सोसलेला

आता मी लिहितोच. कंपनीचं नाव घेणार नाही, वर्कशॉपचंही नाही, उगाच कटकट नको.

दोन वर्षांपूर्वी मीही अशीच एक तीन वर्षं जुनी युरोपियन इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली. पहिले पाच महिने स्वर्ग. सहाव्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा आणि "सेवा केंद्राशी संपर्क साधा". माझ्या शहरात केंद्र होतं, पण हाय-व्होल्टेजचं काम तिथे होत नव्हतं. गाडी फ्लॅटबेडवर दुसऱ्या शहरात. तिथे सांगितलं, चार्जिंगचा एक भाग बदलावा लागेल, परदेशातून येईल. सात आठवडे! हमीत होतं म्हणून पैसे लागले नाहीत, हे कबूल. पण सात आठवडे मी मेव्हण्याची जुनी हॅचबॅक चालवत होतो आणि पार्किंगच्या रिकाम्या जागेकडे बघून सोसायटीतले विचारायचे, "विकलीत का?"

पुढे एका रिक्षाने हेडलाइटला धक्का दिला. एका दिव्याचं कोटेशन दोन लाख ऐंशी हजार. रिक्षावाला म्हणाला, "साहेब, माझी पूर्ण रिक्षा एवढ्यात येते." काय बोलणार?

तरी सांगतो, आजही ती गाडी माझ्याकडेच आहे. मुंबईहून रात्री परत येताना खंडाळ्याचा घाट चढताना जी ओढ लागते ती दुसऱ्या कशात नाही. पण घरात दुसरी गाडी नसेल तर घेऊ नका. हा माझा एकमेव सल्ला.

हिंजवडी_सिग्नल

@सोसलेला, आयडी सार्थ आहे.

घाटवाट

दुसऱ्या गाडीच्या मुद्द्याला +१००. बावधनकर, ती नऊ वर्षांची डिझेल विकू नका. तिचे असेही कितीसे येणार?

बावधनकर

ती विकून डाउन पेमेंट करणार होतो...

कोथरूडची_काकू

इथेच उत्तर मिळालं की!

चाकण_एमआयडीसी

५२ लाखांत जुनं का घेताय तेच कळत नाही. २०२५ मध्ये बीवायडी सीलायन ७ नवीन ४८.९० लाखांपासून होती, टेस्ला मॉडेल वाय ५९.८९ ला. आणि तुमच्या मूळ २५-३० लाखांत महिंद्राची एक्सईव्ही ९ई येते, आमच्या चाकणची. ७९ किलोवॅट-अवरची बॅटरी, नवी कोरी, आणि पहिल्या खासगी मालकाला बॅटरीवर आजीवन हमी.

मिलीव्होल्ट

त्यात एक गोम आहे, सेकंडहँड घेणाऱ्यांनी नीट वाचा. ती आजीवन हमी *पहिल्या* मालकाला. गाडी विकली की दुसऱ्या मालकाला १० वर्षं किंवा २ लाख किमी. म्हणजे उद्या कोणी जुनी ९ई विकताना "लाइफटाइम वॉरंटी आहे" म्हणाला तर हसून सोडून द्या. प्रत्येक कंपनीच्या बाबतीत हे विचारायचंच: हमी गाडीला चिकटलेली आहे की माणसाला? आणि विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. चॅसिस नंबर देऊन अधिकृत केंद्राकडून लेखी घ्या.

डिझेलभक्त

एवढे प्रश्न मी लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना विचारले नव्हते.

कोथरूडची_काकू

त्यांनी विचारायला हवे होते.

फ्रीमाँटकर

अमेरिकेतून. इथे जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांचा सुकाळ आहे. २५ हजार डॉलरच्या आतल्या जुन्या ईव्हीवर ४ हजार डॉलरपर्यंत टॅक्स क्रेडिट होतं, ते ३० सप्टेंबर २०२५ ला संपलं. शेवटच्या महिन्यात आमच्या ऑफिसात तिघांनी घेतल्या.

पण एक धडा इथला. जॅग्वार आय-पेसच्या २०१९ च्या २,७६० गाड्या आगीच्या धोक्यामुळे रिकॉल झाल्या. मालकांना सांगितलं, घराबाहेर उभी करा, ८० टक्क्यांवर चार्ज करू नका. आणि शेवटी कंपनीने त्या परतच विकत घेतल्या. सगळ्या आय-पेस वाईट असा अर्थ काढू नका, गाडी म्हणून ती २०१९ ची 'युरोपियन कार ऑफ द इयर' होती. पण जुनी घेताना तिच्यावर रिकॉल आहे का आणि तो *पूर्ण* झालाय का, हे बघणं सर्व्हिस बुकाइतकंच महत्त्वाचं.

घाटवाट

भारतातही झालेत की रिकॉल. २०२४ मध्ये ह्युंदाईची आयोनिक ५ आणि कियाची ईव्ही६, दोन्ही त्या आयसीसीयूसाठी (चार्जिंग सांभाळणारा भाग) परत बोलावल्या होत्या. तो भाग बिघडला की १२ व्होल्टची छोटी बॅटरी चार्ज होत नाही.

निवांत_पाटील

थांबा, थांबा. इलेक्ट्रिक गाडीत अजून १२ व्होल्टची बॅटरी असते?? मग एवढी मोठी कशाला आहे?

मिलीव्होल्ट

असते. दरवाजे, दिवे, संगणक आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर हे सगळं ती १२ व्होल्टवालीच चालवते. ती मेली की खाली ९५ युनिट भरलेली असली तरी गाडी दगड. घरात धान्याचं कोठार आहे पण किल्ली हरवली, तसं. जुनी ईव्ही, त्यातून बरेच दिवस उभी असलेली, घेतली की पहिलं काम म्हणून ही बदलून टाकावी.

लेस्टरवाला

इंग्लंडमध्ये मी अशीच तीन वर्षांची घेतली, दीड वर्ष झालं, तक्रार नाही. इथे एप्रिल २०२५ पासून ईव्हीलाही रोड टॅक्स आहे. पण महागड्या गाड्यांवरचा जादा कर १ एप्रिल २०२५ पासून नोंदलेल्या ईव्हींनाच लागतो, म्हणून जुनी घेण्यात उलट फायदा. भारतात ताळेबंद वेगळा असणार. माझा मुख्य मुद्दा टायर. अडीच टनाची गाडी, हातभर रुंद टायर, आणि पायाखाली एवढी ओढ. माझे मागचे दोन २६ हजार किमीत संपले.

आरटीओ_एजंट_नाही

(मी एजंट नाही. दर वेळी सांगावं लागतं.)

बावधनकर, ते दिल्लीचं डोक्यातून काढा किंवा पूर्ण गृहपाठ करून जा. सहा लाखांचा फरक दिसतो, पण: तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मालकी बदलायला २९ आणि ३०. तिच्यावर कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, ते नसेल तर पुढे काहीच हलत नाही. मग इथे नवा नंबर. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर कायद्याने नव्याने नोंदणी लागतेच, "दिल्ली नंबरवरच फिरवतो" हे विसरा. इथल्या कराचा आकडा आधी आरटीओतच विचारा. महाराष्ट्रात ३० लाखांवरच्या ईव्हीवर ६ टक्के कर लावायचं मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात आलं आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत ते मागे घेतल्याचं सांगितलं. असं मागेपुढे होत असताना यूट्यूब बघून हिशोब करू नका.

लोक अजून एक चूक करतात. दिल्लीत जुनी डिझेल गाडी स्वस्त असते ती दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीच्या नियमामुळे. ईव्हीला तो नियम नाही. मग दिल्लीची ईव्ही सहा लाखांनी स्वस्त का, हा प्रश्न वहिनींना विचारा, त्या बरोबर उत्तर देतील.

आणि डीलरकडून घेत असाल तर: जानेवारी २०२५ पासून जुन्या ईव्हीवरही १८ टक्के जीएसटी आहे, आधी १२ होता. पण तो डीलरच्या *नफ्यावर*, पूर्ण किमतीवर नाही. एकाने माझ्या मित्राला पूर्ण रकमेवर १८ टक्के लावून दाखवले होते! खासगी माणसाने खासगी माणसाला विकली तर जीएसटीचा प्रश्नच येत नाही.

बावधनकर

ही माहिती सोन्यासारखी आहे. दिल्ली रद्द. पुण्याचे मालक खासगीच आहेत, डॉक्टर आहेत.

डिझेलभक्त

डॉक्टर स्वतःच पेशंट विकतायत म्हणजे बघा.

सोसायटी_सेक्रेटरी

मुख्य प्रश्न कोणी विचारलाच नाही. चार्ज कुठे करणार? तुमच्या पार्किंगपर्यंत वायर नेण्यासाठी सोसायटीची परवानगी घेतली का? आमच्याकडे एका सभासदाने न विचारता कॉमन मीटरवर गाडी लावली, त्यावरून तीन तासांची सर्वसाधारण सभा झाली. शेवटी विषय गच्चीवरच्या पापडांवर गेला, ती गोष्ट वेगळी.

कोथरूडची_काकू

पापडांचं काय ठरलं?

सोसायटी_सेक्रेटरी

पुढच्या सभेपर्यंत स्थगित. पापड आणि चार्जर, दोन्ही.

घाटवाट

चार्जिंगचा एवढा बाऊ नको. ११ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) हवा तर थ्री-फेज लागेल आणि महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. पण रोज ४५ किमीला ११ युनिट लागतात, ते साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर चार-पाच तासांत भरतात. रात्री लावा, सकाळी काढा. कोल्हापूरलाही तेच. महामार्गावर शंभरच्या वेगाने १०० किमीला २५ युनिट धरले तर ८६ मध्ये साडेतीनशेच्या आसपास जाईल, कोल्हापूर २३० आहे. खंबाटकी चढताना आकडा झरझर उतरेल, घाबरू नका, पलीकडे उतारावर थोडं परत मिळतं. आईकडे दोन रात्री प्लगला लावली की परतीची सोय झाली. त्यासाठी आईच्या घरचं अर्थिंग मात्र तपासून घ्या. जुन्या घरात अर्थिंग नसेल तर गाडी चार्जच होत नाही, आणि आपण समजतो गाडी बिघडली. हा अनुभव माझाच, वाईला, रात्री अकरा वाजता, पावसात.

हिंजवडी_सिग्नल

टोल पण माफ आहे ना ईव्हीला?

घाटवाट

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर. कोल्हापूरला राष्ट्रीय महामार्ग आहे, तिथे नाही. खेड-शिवापूरला तुम्हाला आमच्यासारखंच उभं राहायचंय.

विमा_आणि_बरंच_काही

विम्याचं कोणी लिहिलं नाही. चार ते पाच वर्षांच्या गाडीला आयडीव्हीसाठी (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ५० टक्के घसारा धरतात. म्हणजे १ कोटी १६ लाखांच्या गाडीची आयडीव्ही ५८ लाखांच्या घरात, आणि तुम्ही घेताय ५२ ला. हप्ता त्या ५८ वर बसणार. थर्ड पार्टीचे ६,७१२ रुपये किरकोळ, खरा भार ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा. शून्य-घसारा कव्हर या वयाच्या गाडीला मिळतंय का ते आधी विचारा, कारण साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. पाणी शिरून झालेलं नुकसान आणि खालून बॅटरीला बसलेला मार यात येतं का, हेही. पुण्याचा पाऊस आणि पुण्याचे स्पीडब्रेकर, दोन्ही विचारात घ्या. आणि मालकी बदलली की १४ दिवसांत पॉलिसी नावावर करायला अर्ज द्या. लोक आरसीच्या मागे लागतात आणि हे राहून जातं.

कोथरूडची_काकू

सगळे मोठमोठं बोलताय, मी साधं विचारते. चार्जिंगची केबल गाडीबरोबर देणार आहेत का? माझ्या भाच्याने घेतलेल्या गाडीत ती नव्हतीच. नवीन घ्यायला गेला तर जे आकडे सांगितले त्यात चांगला फ्रिज आला असता. आणि दोन्ही किल्ल्या मोजून घ्या.

बावधनकर

काकू, विचारतो. उद्या सकाळी पुन्हा बघायला चाललोय. अजून काय काय बघू?

मिलीव्होल्ट

बॅटरीची एसओएच, म्हणजे नवीन असतानाच्या तुलनेत आता किती टक्के शिल्लक, हे अधिकृत केंद्रातून कागदावर. पैसे लागले तरी द्या. डॅशबोर्डवर दिसणारी रेंज बघून निष्कर्ष काढू नका, ती आधीचा माणूस कसा चालवायचा त्यावर ठरते. गाडी २० टक्क्यांवर असताना फास्ट चार्जरवर न्या आणि किती किलोवॅट घेते ते बघा. ही गाडी १५० पर्यंत घेऊ शकते, पण चार्जरच ६० चा असेल तर ६० च दिसणार, तिला दोष देऊ नका. एसी चार्जिंग, म्हणजे घरच्या प्लगवरचं, वेगळं तपासा, दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत. लिफ्टवर चढवून खालचं कव्हर. आणि एअर सस्पेन्शन आहे, तेव्हा रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सर्वांत आधी तुम्हीच बघा. एका बाजूला कललेली असेल तर मालक चालू करण्याआधी दिसायला हवं.

आरटीओ_एजंट_नाही

जुन्या मालकाचं अ‍ॅपवरचं खातं तुमच्यासमोर काढून टाकायला लावा. नाहीतर तुम्ही कोल्हापूरला आणि डॉक्टर घरबसल्या तुमचा एसी चालू-बंद करतायत.

बावधनकर (चार दिवसांनी)

उशिराबद्दल क्षमस्व. वृत्तांत देतो.

सकाळी सव्वासातला न सांगता गेलो. गाडी सरळ उभी होती, कलली नव्हती. डॉक्टर बनियनवर पेपर वाचत होते, माझ्यापेक्षा तेच ओशाळले. माणूस सज्जन आहे. विकायचं कारण विचारलं तर म्हणाले, मुलगा परदेशी गेला, मी रोज चार किमी चालवतो, एवढी मोठी गाडी गल्लीत वळवता येत नाही.

अधिकृत केंद्रात तपासणी करून घेतली. एसओएच ९२ टक्के. हमी लेखी मिळाली, गाडीला आहे, मालकी बदलली तरी चालू राहते. सर्व्हिस सगळी वेळेवर. फास्ट चार्जरवर नेली, ६० चाच मिळाला, ५८ घेत होती. इथपर्यंत मी हवेत.

मग लिफ्टवर चढवली. खालच्या कव्हरला पुढच्या बाजूला लांब ओरखडा, एका ठिकाणी चेपलंय. आत बॅटरीपर्यंत गेलेलं नाही असं लिहून दिलंय, पण कव्हर बदलावं लागेल. टायर चारही मूळचेच, त्यावर चार आकडे असतात ना, ३८२१, म्हणजे २०२१ चा अडतिसावा आठवडा. नक्षी बरी आहे पण कडेला बारीक चिरा. १२ व्होल्टची बॅटरी अशक्त, कारण गाडी महिनोन्महिने उभी. म्हणजे घेतल्या घेतल्या टायर, कव्हर आणि बॅटरी. विमा वेगळा.

घरी बसून पुन्हा आकडे मांडले. डिझेल विकायची नाही हे ठरलं (सोसलेला, तुमच्यामुळे). मग कर्ज वाढतं. काकूंचा साठ हजारांचा हिशोब फ्रिजवर लावलाय, मी नाही, सौ. ने. पण ती परवा स्वतः मागच्या सीटवर बसली, एक फेरी मारली, आणि उतरताना म्हणाली, "चाळीसच्या घरात देत असतील तर बघ." यावर काय अर्थ लावायचा ते तुम्हीच सांगा.

डॉक्टरांना ४६ सांगितलेत. "विचार करतो" म्हणाले.

निवांत_पाटील

वहिनी पार्टी बदलल्या! धाग्याला वळण!

सोसलेला

४६ बरोबर आहे. ४८ च्या वर जाऊ नका. जे वाचतील ते वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका, एखाद्या रिक्षासाठी.

चाकण_एमआयडीसी

मी अजूनही नवीन घ्या म्हणेन. ४६ अधिक टायर अधिक कव्हर म्हणजे पुन्हा सीलायनच्या जवळ गेलात.

मिलीव्होल्ट

एसओएच ९२ ला मी तयार होईन. पण २०२८ च्या डिसेंबरआधी विकायची, हे आत्ताच कॅलेंडरवर लिहा. हमीचं वर्षभर तरी शिल्लक असताना. तुमच्यासारखाच कोणीतरी तेव्हा धागा काढेल.

डिझेलभक्त

आणि मी त्याला फॉर्च्युनर सुचवेन.

बावधनकर (रात्री १०:१५)

आत्ताच डॉक्टरांचा फोन आला. ४७ ला तयार आहेत. उद्या टोकन द्या म्हणतात. फक्त केबल घरात कुठे ठेवलीय ते सापडत नाहीये म्हणे.

कोथरूडची_काकू

सापडेपर्यंत टोकन देऊ नका. उद्या सकाळपर्यंत सापडते की नाही बघा.